सामन्यानंतरचा सोमवार

नवा मुलगा सरावाला आला की पहिले काही आठवडे मी त्याला एकच प्रश्न विचारत राहतो. कुठल्या जागेवर खेळतोस, कुठला पाय चालतो, हे सगळं नंतर. रविवारी सामना झाला, मग सोमवारी काय केलंस? बहुतेकांना प्रश्नच कळत नाही. 'काही नाही सर, सुट्टी होती,' असं उत्तर येतं. थोडं खोदून विचारलं की त्या 'काही नाही'मध्ये काय काय होतं ते बाहेर येतं. सकाळी मोटारसायकलवरून जोतिबा, दुपारी कुठल्या तरी गल्लीच्या मैदानात सात-सात जणांची स्पर्धा, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ आणि रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल. मंगळवारी हाच मुलगा पोटरी धरून माझ्यासमोर उभा असतो, आणि त्याची आई फोनवर मला विचारते, 'सर, तुम्ही पोरांना एवढं का पळवता?'

मी कोल्हापूरच्या एका शाळेत इतिहास शिकवतो आणि संध्याकाळी फुटबॉल. त्यामुळं खेळाडूच्या रिकाम्या दिवसाकडं मी दोन्ही बाजूंनी पाहत आलो आहे. फुटबॉलचा इतिहास लिहिणारे गोल लिहितात, चषक लिहितात, सामन्याची तारीख लिहितात. दोन सामन्यांच्या मधले दिवस खेळाडूनं कसे काढले, हे शोधायला गेलं की हाताला फार थोडं लागतं. जे लागतं ते मात्र मला चषकांच्या याद्यांपेक्षा जास्त शिकवून गेलं.

सुरुवातच पाहा. हा खेळ मुळात सुट्टीच्या दिवसावर उगवला. इंग्लंडमधल्या 1850 च्या कारखाना कायद्यानं कापड गिरण्यांत स्त्रियांना आणि अल्पवयीन कामगारांना शनिवारी दुपारी दोननंतर कामावर ठेवायला मनाई केली. त्यांच्यावाचून गिरणी चालत नव्हती, त्यामुळं पुरुषांचीही शनिवारची दुपार मोकळी झाली. घरी जाऊन हातपाय धुऊन, दोन घास खाऊन मैदानावर पोहोचायचं तर तीन वाजणारच. इंग्लंडमध्ये शनिवारी तीनला सामना सुरू करण्याची जी रीत पडली, ती गिरणीच्या या भोंग्याच्या वेळेवरून. शेफिल्डमध्ये काही कारागिरांना आणि दुकानदारांना बुधवारी अर्धा दिवस सुट्टी असे. त्यांनी 1820 मध्ये क्रिकेटसाठी क्लब काढला आणि त्याला बुधवारचंच नाव दिलं. 1867 मध्ये त्याच क्लबानं फुटबॉल सुरू केला. आजही तो संघ शेफिल्ड वेन्सडे म्हणून खेळतो. सुट्टीचा वार नावात बाळगणारा संघ.

आपल्याकडं हीच गोष्ट गिरणगावात घडायला वेळ लागला. मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची ठरलेली सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांना संघटित करून ती मागायला सुरुवात केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. वर्गात हा धडा घेताना मी मुलांना आवर्जून सांगतो की तुमचा रविवारचा सामना लोखंड्यांनी मिळवून दिलेला आहे. ज्याला सुट्टीच नाही, त्याला संघ कुठला आणि सराव कुठला!

इंग्लंडमधल्या विणकरांना शनिवारची दुपार आधीच मिळाली होती. तिचं त्यांनी काय केलं हे 1883 मध्ये सगळ्या देशानं पाहिलं. लँकशरमधल्या ब्लॅकबर्न गावातला ब्लॅकबर्न ऑलिम्पिक हा संघ एफए कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला. समोर होता ओल्ड इटोनियन्स, म्हणजे ईटन या बड्या घरच्या शाळेतून शिकून बाहेर पडलेले लोक. ऑलिम्पिकमध्ये विणकर होते, सूत कातणारे होते, कप्तान वॉर्बर्टन प्लंबर होता. त्या दिवसांत अशा माणसांचा आठवडा म्हणजे दिवसभर मागासमोर उभं राहायचं आणि उरलेल्या ताकदीवर शनिवारी पळायचं. इचलकरंजीत मागाच्या खोलीत उभं राहून आलेला माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या पायांचं वेगळं वर्णन करायला नको.

सिडनी येट्स नावाच्या एका फौंड्रीमालकानं पैसे दिले, आणि जॅक हंटर या त्यांच्या अनुभवी खेळाडू-प्रशिक्षकानं सामन्याआधी सगळ्या संघाला समुद्रकाठी ब्लॅकपूलला नेलं. तिथला दिनक्रम नोंदवलेला आहे आणि मी तो अनेकदा वाचून दाखवतो. सकाळी सहाला उठून एक ग्लास पोर्ट वाइन आणि दोन कच्ची अंडी, मग वाळूवरून लांब फेरफटका. न्याहारीला ओटची लापशी आणि हॅडॉक मासा. दुपारी मेंढीची तंगडी. संध्याकाळी पुन्हा लापशी आणि दूध. रात्री झोपण्याआधी प्रत्येकाला सहा-सहा कालवं.

यातली पोर्ट वाइन सोडली तर बाकीच्याला आजचा आहारतज्ज्ञही फारसं नाव ठेवणार नाही. लापशी, मासा, मटण, दूध. पण मला या यादीतल्या पदार्थांहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या माणसांना आयुष्यात पहिल्यांदा सामन्याआधी भरपूर झोप मिळाली असणार आणि उभं राहण्याची सक्ती नव्हती. दक्षिणेतल्या सभ्य मंडळींना ही तयारी पसंत पडली नाही. हौशी खेळाडूनं खेळासाठी असा आठवडा राखून ठेवणं त्यांना खेळाच्या रीतीबाहेरचं वाटलं. त्यांना हे दिसलं नाही, की ईटनच्या माणसाला असा आठवडा जन्मभर मिळतच होता. 31 मार्चला ओव्हलच्या मैदानावर सामना झाला. इटोनियन्सचा आर्थर डन जखमी होऊन बाहेर गेला, बदली खेळाडू तेव्हा नव्हतेच. एक-एक अशी बरोबरी, मग जादा वेळ. त्या जादा वेळेत सूत कातणाऱ्या कॉस्टलीनं गोल केला आणि कप पहिल्यांदा उत्तरेतल्या कष्टकऱ्यांच्या गावी गेला. हा सामना पायांतल्या कसबाइतकाच आधीच्या आठवड्यातल्या विश्रांतीनं जिंकला, असं मी ठामपणे म्हणतो.

दोनच वर्षांनी, 1885 मध्ये, पैसे घेऊन खेळायला इंग्लंडमध्ये मान्यता मिळाली, आणि 1888 मध्ये बारा संघांची लीग सुरू झाली. आता खेळ हेच काम झालं. मग सुट्टी कुणाची? खेळाडू क्लबचा नोकर, त्याचा रिकामा दिवसही क्लबचा. 1922 पासून कितीतरी वर्षं पहिल्या दर्जाच्या खेळाडूला हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त आठ पौंड आणि हंगाम संपला की सहा पौंड मिळत. विश्रांतीचे महिने म्हणजे कमी पगाराचे महिने. प्रेस्टनचा टॉम फिनी हा त्याच्या काळातला थोर विंगर, तो आयुष्यभर प्लंबिंगचा धंदा करत राहिला.

एक दिवस मात्र क्लबच्या हातात नव्हता, तो रविवार. रविवार देवाचा, त्या दिवशी खेळायचं नाही, हा दंडक इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं 1960 पर्यंत पाळला. लीगचा रविवारी झालेला पहिला सामना तर 1974 चा, विजेच्या टंचाईच्या काळातला. शनिवारी खेळलेल्या पायांना रविवारी सक्तीची विश्रांती मिळायची ती अशी, चर्चच्या कृपेनं. त्यामागं शरीराचा विचार नव्हता, तरी शरीराचं भलं झालं. उलट नाताळ आला की हेच लोक 25 आणि 26 डिसेंबरला लागोपाठ सामने ठेवत. ईस्टरमध्ये चार दिवसांत तीन-तीन सामने होत. प्रेक्षकांना सुट्टी, म्हणून खेळाडूला नाही. नाताळच्या दिवशीच्या सामन्यांची ही प्रथा 1950 च्या दशकाअखेर संपत गेली.

मधल्या दिवसांचा कारभार ट्रेनर नावाच्या माणसाकडं असे. बादली, स्पंज, मलमाची बाटली आणि गरम पाण्याचा हौद ही त्याची सामग्री. सामना संपला की चिखलानं माखलेले अकराही जण त्याच हौदात उतरत. आठवडाभर मैदानाला फेऱ्या आणि गावाबाहेर लांब चालणं. चेंडू फार दाखवायचा नाही, म्हणजे शनिवारी तो चेंडूसाठी भुकेला होऊन खेळेल, अशी त्या काळच्या ट्रेनरांची श्रद्धा होती. ही श्रद्धा मला मान्य नाही. चेंडूपासून दूर ठेवलेला मुलगा भुकेला होत नाही, परका होतो. पण त्यातलं लांब चालणं मी उचललं आहे.

या धंद्याला शास्त्राकडं वळवणाऱ्यांत टॉम व्हिटेकरचं नाव मी आदरानं घेतो. तो आर्सेनलचा खेळाडू. 1925 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात गुडघा गेला आणि खेळ संपला. त्यानं शरीररचना, मालिश, विजेचे उपचार यांचा अभ्यास केला. मॅनेजर हर्बर्ट चॅपमननं त्याला 1927 मध्ये मुख्य ट्रेनर केलं. हायबरीच्या मैदानात त्यानं उपचारांची खोली उभी केली, तीत उष्णतेचे आणि अतिनील किरणांचे दिवे होते. सामन्यानंतर खेळाडूनं तिथं यायचं, दुखणं दाखवायचं, ते लपवायचं नाही. दुखणं दाखवलं तर जागा जाईल ही भीती त्यानं कमी केली असेल, तर ते त्याच्या सगळ्या दिव्यांपेक्षा मोठं काम होतं. आजही माझ्या मुलांत ती भीती आहे. उपांत्य फेरीआधी कुणाचाच घोटा दुखत नसतो.

आता ज्या माणसासाठी मी हे लिहायला बसलो त्याच्याकडं येतो. स्टॅनली मॅथ्यूज. जन्म 1 फेब्रुवारी 1915, स्टोक शहरातल्या हॅन्ली भागात. वडील न्हावी होते आणि मुष्टियोद्धेही. त्यांनी मुलाला लहानपणी पहाटे उठवून उघड्या खिडकीसमोर खोल श्वास घ्यायला आणि व्यायाम करायला लावलं. पुढं मॅथ्यूज जगातला नावाजलेला विंगर झाला. 1956 मध्ये युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर पहिल्यांदा दिला गेला, तो त्याला. तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता. 6 फेब्रुवारी 1965 रोजी स्टोककडून तो पहिल्या दर्जाचा शेवटचा लीग सामना खेळला. वय पन्नास वर्षं आणि पाच दिवस.

हा माणूस शनिवारी खेळायचा आणि सोमवारी उपास करायचा. देवासाठी नाही. आठवड्यातून एक दिवस पोटाला विश्रांती, एवढाच त्याचा हिशेब. दारू नाही, विडीकाडी नाही, गाजराचा रस आणि कोशिंबिरी. दारू आणि सिगारेट ज्या धंद्यात मिरवायच्या गोष्टी होत्या, सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंची चित्रं घालून विकली जात होती, त्या धंद्यात हा पहाटे एकटा समुद्रकाठी पळत असे. क्लबनं त्याला हे सांगितलं नव्हतं. आठवड्याचे बाकीचे दिवस क्लब ठरवत होता, पण आपला सोमवार त्यानं स्वतः ठरवला होता आणि तो वर्षानुवर्षं पाळला.

माझी आई आजही सोमवार करते. मॅथ्यूजची हकीकत सांगितली तेव्हा तिनं त्याला लगेच आपल्यात घेतलं. मुलांना मात्र मी स्पष्ट सांगतो, की तुम्ही सोमवार करायचा नाही. चौदा-पंधरा वर्षांचं वाढतं शरीर, त्यात सामन्यानं मांड्यांतला साखरेचा साठा जवळजवळ रिकामा केलेला. स्वीडनच्या बेंग्ट साल्टिननं 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं होतं, की स्नायूंमधला हा ग्लायकोजेनचा साठा कमी असताना मैदानात उतरलेले खेळाडू उत्तरार्धात पळण्याऐवजी चालू लागतात. तो साठा पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागू शकतात, आणि तो भात, भाकरी, बटाटा, केळं अशाच अन्नानं भरतो. म्हणून सोमवारी पोटभर जेवा. मॅथ्यूजकडून घ्यायची गोष्ट उपासाची नाही. आपल्या सुट्टीच्या दिवसाला त्यानं स्वतःचा नेम घालून घेतला, तो घ्यायचा.

ज्यांना असा नेम सापडला नाही त्यांचं काय होतं, हेही इतिहासात आहे, आणि ते सांगताना मला त्रास होतो. 1990 च्या दशकात आर्सेनलमध्ये बुधवारी सुट्टी असे, म्हणून मंगळवारचा सराव संपला की काही खेळाडू पिण्यासाठी एकत्र जमत. त्या मंडळाला 'ट्यूजडे क्लब' असंच नाव पडलं होतं. कप्तान टोनी अ‍ॅडम्स त्यात होता. 1996 मध्ये त्यानं आपण दारूच्या आहारी गेलो आहोत हे उघडपणे सांगितलं. असं सांगायला फार मोठं काळीज लागतं. त्याच सुमारास जपानमध्ये नागोयाच्या संघाला शिकवून आलेला आर्सेन वेंगर क्लबचा मॅनेजर झाला. त्यानं उकडलेल्या भाज्या, मासे, भात आणला, ताण देण्याचे व्यायाम रोजचे केले, चॉकलेट बंद केलं. 1998 मध्ये त्या संघानं लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले, कप्तान अ‍ॅडम्सच. पुढं 2000 मध्ये अ‍ॅडम्सनं व्यसनांत अडकलेल्या खेळाडूंसाठी स्पोर्टिंग चान्स ही संस्था काढली. एक सुट्टीचा दिवस माणसाला केवढ्या खोल नेऊ शकतो आणि तिथून तो परत येऊ शकतो, याचं मला माहीत असलेलं हे सर्वांत खरं उदाहरण.

आता आकड्यांचं थोडं. फ्रान्समधले ग्रेगरी ड्यूपाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या क्लबच्या खेळाडूंची दोन हंगामांची नोंद तपासून 2010 मध्ये निष्कर्ष छापले. आठवड्यात एक सामना खेळताना दर हजार तासांमागं 4.1 दुखापती झाल्या होत्या, दोन सामने खेळताना 25.6. आणि याच खेळाडूंनी सामन्यात किती अंतर कापलं, किती वेगानं धावले, यात फारसा फरक नव्हता. मी हा भाग फळ्यावर लिहितो. पाय पळत राहतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि आतून स्नायू फाटायच्या बेताला आलेला असतो. 'मला काही होत नाही सर' या वाक्याची म्हणूनच मला धास्ती वाटते.

आणखी एक गैरसमज आमच्या मैदानावर पक्का बसला आहे. सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी अंग आंबतं ते 'लॅक्टिक अ‍ॅसिड'मुळं, असं जो तो सांगतो. ते रक्तातून साधारण तासाभरात उतरून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं दुखणं येतं स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजांतून, आणि या इजा जास्त होतात त्या पळताना एकदम थांबण्यानं, वळण्यानं, उडी मारून खाली येण्यानं. त्या भरून यायला वेळ, झोप आणि अन्न लागतं. वीस-तीस मिनिटं रमतगमत चालणं किंवा सायकल चालवणं यानं अंग मोकळं होतं, बरं वाटतं, ते जरूर करावं. पण घाम काढून दुखणं निघतं या समजुतीनं सोमवारी फेऱ्या मारणाऱ्याला मी मैदानाबाहेर बसवतो.

आणि इथं मला माझ्या गावाशी बोलायचं आहे. कोल्हापुरात फुटबॉल संस्थानी काळापासून रुजला आणि तो रुजला तालमींच्या अंगणात. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. जगात दुसरीकडं कुठं फुटबॉल संघांची अशी नावं मला ठाऊक नाहीत. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की पेठा ओस पडतात. याच मातीतला अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधलेलं खासबाग मैदान स्टेडियमपासून फार लांब नाही. म्हणजे कुस्ती आणि फुटबॉल आमच्याकडं शेजारी-शेजारी वाढले.

पैलवानाचा दिवस पाहिला आहे का कधी जवळून? पहाटे उठून जोर, बैठका, मग मातीच्या हौद्यात लढती. ती तांबडी माती तेल, ताक, लिंबू, हळद घालून मुरवलेली. मेहनत संपली की घाम तसाच सोडत नाहीत. अंगाला माती लावून पडून राहतात. मग एकमेकांचं अंग रगडून देतात. अंघोळ, थंडाई, जेवण, आणि दुपारी झोप. ती झोप चुकवणाऱ्या पोराला वस्ताद विचारतो, मेहनत चुकवणाऱ्याला विचारावं तितक्याच कडकपणे. खुराक, मेहनत आणि आराम ही तिन्ही वस्तादाच्याच अखत्यारीत. ब्लॅकबर्नच्या हंटरनं एका आठवड्यापुरतं जे केलं, ते तालमीत रोज होत होतं.

फुटबॉलनं तालमीचं नाव घेतलं, ईर्षा घेतली, पेठेचा झेंडा घेतला. आराम मात्र हौद्यातच राहिला. कारण सरळ आहे. पैलवान तालमीत राहतो, खातो, झोपतो. फुटबॉलचं पोर सरावापुरतं येतं आणि घरी जातं, मग त्याच्या उरलेल्या वेळाचा वस्ताद कुणीच नसतो.

आमच्या पेठेतल्या तालमीत एक जुने वस्ताद आहेत, आता वयामुळं हौद्यात उतरत नाहीत. त्यांना मी मुलांच्या पायांबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, 'मास्तर, तुमची पोरं पळत्यात लई, पण झोपत न्हाईत.' मग एका पोराची मांडी हातात घेऊन, जिथं आदल्या दिवशी समोरच्याचा गुडघा बसला होता, त्या जागेभोवती त्यांनी बोट फिरवलं. 'हितं चोळायचं न्हाई. मुका मार हाय ह्यो. ह्याला गार पाणी आन गप बसणं.' वैद्यकशास्त्रही हेच सांगतं. मांडीला मुका मार बसून आत रक्त साकळलं असेल आणि तिथं जोरानं मालिश केलं, तर त्या स्नायूत हाडासारखा कठीण गोळा तयार होऊ शकतो. मग महिनोन्‌महिने पाय पूर्ण वाकत नाही. वस्तादांनी हे पुस्तकात वाचलेलं नाही. त्यांच्या हातांना ते माहीत आहे. हे ज्ञान फुटबॉलच्या पोरांपर्यंत पोहोचत नव्हतं, त्यांच्या आणि हौद्याच्या मध्ये एकच भिंत असूनसुद्धा, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून आता सोमवारी संध्याकाळी मी मुलांना मैदानावर बोलावत नाही, तालमीत बोलावतो. येताना चालत यायचं, गाडी नाही. आल्यावर प्रत्येकानं आपल्या वहीत लिहायचं, रात्री किती वाजता झोपलो, सकाळी किती वाजता उठलो, कुठं दुखतं. आठ तासांच्या खालचा आकडा दिसला की त्याच्याशी मी बोलतो, आणि गरज पडली तर त्याच्या घरीही जातो. शाळेतल्या मुलाला झोप आठ ते दहा तास हवी, याला कुठलंही मलम, कुठलीही थंडाई पर्याय नाही. मग वस्ताद बसतात आणि ज्याचं त्याला दाखवतात, पोटरी कशी सैल सोडायची, पायात गोळा आला तर अंगठा कुठं ओढायचा, कुठल्या जागी हात लावायचा नाही. तासाभरात सगळे घरी. मुलांच्या आयांना मी सांगितलं आहे की सोमवारी रात्री आमटी-भात नेहमीपेक्षा जास्त वाढा, आणि दुधाचा पेला विसरू नका.

थंड पाण्याबद्दल मला नेहमी विचारतात. परदेशातले खेळाडू बर्फाच्या टबात बसलेले मोबाइलवर दिसतात ना! थंड पाण्यानं दुखणं कमी जाणवतं, हे खरं. लागोपाठ सामने असतील तर त्याचा उपयोग आहे. पण वर्षभर ताकदीचा व्यायाम करून रोज बर्फात बसलं तर स्नायूंची वाढ काही अंशी अडते, असंही अभ्यासात दिसलं आहे. हिवाळ्यात नळाचं पाणी पायांवर सोडा, पुरे झालं.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांकडं माझं एक मागणं आहे. उपांत्य सामना आणि अंतिम सामना यांच्यात निदान तीन दिवस ठेवा. गर्दी तेवढीच येईल, वर्गणी तेवढीच जमेल. गुरुवारी रात्री फ्लडलाइटमध्ये खेळलेलं पोर शनिवारी दुपारी पुन्हा उतरतं तेव्हा त्याच्या पायांत काय उरलेलं असतं, हे वरच्या आकड्यांनी सांगितलेलंच आहे. मोठ्या क्लबांकडं डॉक्टर आहेत, पंचवीस जणांचा ताफा आहे. आमच्याकडं तेरा-चौदा पोरं असतात.

आणि त्या तेरा-चौदांतली जी दोन-तीन रविवारी बाकावरच बसून राहिली, त्यांचा सोमवार वेगळा आहे. त्यांच्या पायांना विश्रांती नको आहे, त्यांना सामन्याइतकं पळणं हवं आहे. नाही तर महिनाभर बाकावर बसून ती मागं पडतात, आणि एक दिवस अचानक पूर्ण नव्वद मिनिटं खेळायची वेळ आली की पहिली त्यांचीच मांडी जाते. बाकीची पोरं तालमीत वस्तादांकडं असताना या दोघा-तिघांना घेऊन मी मैदानावर असतो. चेंडू घेऊन छोट्या जागेत दोन विरुद्ध एक, मधेमधे पूर्ण वेगाच्या धावा, आणि शेवटी गोलावर फटके, प्रत्येकाचे वीस.